उच्चशिक्षितांसाठी वेगळं दार

फक्त महत्त्वाकांक्षी, उच्चशिक्षित नोकरदारांसाठी म्हणून असलेल्या डेटिंग ॲपवरून आमच्या खान्देशातल्या घराघरांत आणि समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर बरीच खडाजंगी चालते. एका बाजूला समाजातली कर्ती मंडळी. त्यांच्या मते ही सगळी अमेरिकेची थेरं. पोरं पुण्याला गेली की बिघडतात, आणि पगार बघून माणूस जोडणं ही काही आपली रीत नव्हे. दुसऱ्या बाजूला हिंजवडीत नाहीतर बंगळुरूत बसलेली आमचीच मुलंमुली. आम्ही कोणाला भेटायचं ते आम्ही ठरवू, आमच्याइतक्या शिकलेल्या माणसालाच भेटायचं असेल तर कोणाच्या पोटात का दुखावं, असा त्यांचा सवाल. दोघंही त्वेषानं भांडतात आणि दोघंही मुद्दा सोडून भांडतात. कर्त्या मंडळींना या विषयावर बोलायचा नैतिक अधिकार फारसा उरलेला नाही, कारण ॲप जे करतं तेच ते स्वतः वर्षानुवर्षं करत आले आहेत. आणि तरुण ज्याला निवड म्हणतात ती त्यांची निवड नाहीच. माणूस निवडायचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यावर माझा वाद नाही. पण कोणी दिसावं आणि कोणी दिसूच नये हे कॉलेज आणि कंपनी बघून आधीच ठरवणारं दार उभं करणं ही सोयरिकीची जुनी उतरंडच आहे. तिची किंमत दाराच्या आतल्यांपेक्षा बाहेरचे जास्त मोजतात.

ही ॲप चालतात कशी, ते आधी पाहू. ‘द लीग’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. स्टॅनफर्डमधून एमबीए केलेल्या अमांडा ब्रॅडफर्ड यांनी दहाएक वर्षांपूर्वी ते सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलं. तिथं नाव नोंदवलं की लगेच प्रवेश मिळत नाही. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळावरून तुमचं शिक्षण आणि नोकरी तपासली जाते, तुम्ही प्रतीक्षायादीत जाता, आणि पैसे भरले तर रांगेत पुढे सरकता येतं. ‘राया’ नावाचं दुसरं ॲप सिनेमा-संगीताच्या क्षेत्रातल्या लोकांमुळे चर्चेत असतं. तिथं आतल्या सभासदाची ओळख लागते आणि अर्जावर समिती बसते. २०२२ साली ‘द लीग’ मॅच ग्रुपनं विकत घेतलं. टिंडर हे सगळ्यांना खुलं असलेलं डेटिंग ॲपही याच कंपनीचं. म्हणजे ज्याला कोणीही येऊ शकतं असं खुलं मैदान आणि ज्याला मोजकेच येऊ शकतात असा बंद वाडा, दोन्हींचा मालक एकच. हे लक्षात ठेवावं, कारण वाड्याचे रहिवासी मैदानातल्या गर्दीला कंटाळूनच वाड्याचं भाडं भरतात. आपल्याकडे लग्न जुळवणाऱ्या कंपन्यांनीही श्रीमंत आणि ‘एलिट’ घरांसाठी वेगळ्या सेवा काढल्या, आणि फक्त आयआयटी, आयआयएमसारख्या संस्थांतल्या पदवीधरांसाठी विवाहस्थळही निघालं.

आता कर्त्या मंडळींकडे वळू. पगार बघून माणूस जोडणं ही आपली रीत नव्हे? अमळनेर-धुळ्याकडे कुठल्याही ओट्यावर स्थळाची गोष्ट निघाली की अहिराणीत पहिले दोन प्रश्न ठरलेले: पोऱ्या काय करस? पगार कितला शे? बायोडाटावर जन्मवेळेच्या आणि रक्तगटाच्या जवळपास ‘वार्षिक पॅकेज’ हा रकाना कधी येऊन बसला, हे कोणाला कळलंसुद्धा नाही. स्थळ म्हणून मुलाच्या नावावर शेती पाहिजे, पण मुलगा शेतकरी नको, हे तर आता विनोद म्हणूनही जुनं झालं. आणि वधू-वर परिचय मेळावे? ते सुरू झाले तेव्हा ती सुधारणा होती, हे मान्य करायलाच हवं. मध्यस्थाची मिजास, मुलगी बघायला येणाऱ्यांच्या खेपा, प्रत्येक खेपेचे पोहे, नकाराचा अपमान, हे सगळं टळून एका मंगल कार्यालयात चारशे कुटुंबं समोरासमोर येत. हळूहळू त्याच मेळाव्यांच्या जोडीनं ‘उच्चशिक्षित वधू-वर मेळावा’ वेगळा भरू लागला. परिचय पुस्तिकेत डॉक्टर-इंजिनीअरांची पानं पुढे गेली, ‘शेती व व्यवसाय’ हे पान मागे गेलं, आणि ते पान कोणी उघडेनासं झालं. ज्यांनी हे केलं तेच आज ॲपला नावं ठेवतात. ॲपनं यात नवीन एवढंच केलं की पुस्तिकेतलं मागचं पान फाडूनच टाकलं.

विरुद्ध बाजूचं म्हणणं मात्र इतक्या सहज उडवून लावता येणार नाही. त्यात सर्वांत वजनदार बाजू मुलींची आहे. खुल्या डेटिंग ॲपवर मुलीनं नुसतं नाव घातलं की काय काय येऊन आदळतं, हे ज्या मुलींनी भोगलंय त्यांनाच विचारा: खोटे फोटो, लग्न झालेले पुरुष, घाणेरडे मेसेज, नकार दिला की शिव्या. तिथं कोणीतरी माणूस खरा आहे का, सांगतो त्याच कंपनीत आहे का, हे तपासून देत असेल तर त्याचे पैसे मोजणं हा शहाणपणाच आहे. दुसरं असं की ‘द लीग’सारखं ॲप लिंक्डइनच्या आधारानं तुमच्या कचेरीतल्या आणि ओळखीतल्या लोकांपासून तुम्हाला लपवू शकतं. मुंबईतल्या माणसाला याचं मोल कळणार नाही. ज्या गावात मुलगी बसस्टँडवर कोणाशी पाच मिनिटं बोलली तर ती घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचते, तिथल्या मुलीला न दिसण्याची सोय ही चैन वाटत नाही. तिसरं, आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात तिला अजूनही विचारलं जातं, ‘लग्नानंतर नोकरी करायचा विचार आहे का?’ मुलाला हा प्रश्न कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. बारा वर्षं राबून मिळवलेलं करिअर ज्याला ‘विचार’ वाटतो, त्या घरात जायचंच नाही म्हणून ती ज्या दारामागे हा प्रश्न येणार नाही असं तिला वाटतं त्या दारामागे गेली, तर तिला माणूसघाणी किंवा गर्विष्ठ म्हणायची आपली काय लायकी?

तरीही हे तिन्ही मुद्दे एका ठिकाणी घसरतात. खरेपणाची तपासणी आणि पगाराची चाळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ॲपवाले त्या मुद्दाम एका पाकिटात घालून विकतात. बँक खातं उघडताना आपली ओळख तपासते. पण तुमचा पगार कमी म्हणून तुमची ओळख खोटी असं म्हणत नाही. चेहरा खरा आहे, वय खरं आहे, लग्न झालेलं नाही, पूर्वी कोणी तक्रार केलेली नाही, हे तपासायला आयआयएमची पदवी कशाला लागते? यावल तालुक्यातल्या केळीच्या शेतकऱ्याची ही तपासणी करता येत नाही का? येते. पण ती सगळ्यांची करायची तर खर्च येतो आणि विकायला दुर्मीळपणा उरत नाही. सुरक्षितता हा सगळ्या बायकांचा हक्क आहे. तो मोजक्या जणींना वरच्या दरात विकला जातोय, आणि आपण त्याला सोय म्हणतोय. ज्या मुलीचं लिंक्डइनवर खातं नाही, जी चाळीसगावात नर्स आहे किंवा शहाद्यात दुकानाचा हिशेब सांभाळते, तिनं मात्र त्याच मैदानात घाणेरडे मेसेज सोसत बसावं, असा या व्यवस्थेचा सरळ अर्थ होतो.

मोठी पदवी आणि मोठी नोकरी हा चांगल्या वागणुकीचा पुरावा असतो, ही समजूत तर आपल्याकडे तरी कोणी बाळगू नये. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. त्यानंतर साठ वर्षांत हुंड्याचा भाव पदवीमुळे उतरला की चढला? मुलगा डॉक्टर, मुलगा क्लास वन, मुलगा परदेशात: या प्रत्येक पायरीला आकडा वाढतो हे प्रत्येक मुलीच्या बापाला पाठ आहे. आता त्याला हुंडा म्हणत नाहीत, ‘मुलीच्या नावानं फ्लॅटला हातभार’ म्हणतात. नोकरी सोडायच्या प्रश्नाचंही तेच. चाळीस लाखांचं पॅकेज असलेला नवरा ‘नोकरी सोड’ म्हणत नाही, एवढं खरं. तो म्हणतो, ‘तुला गरजच काय?’ दोन महत्त्वाकांक्षी माणसं एका घरात आली की कोणाची बदली आधी, कोणाच्या आईवडिलांच्या आजारपणाला रजा कोणी काढायची, लेकराला ताप आला की मीटिंग कोणी सोडायची, हे खरे प्रश्न उभे राहतात. मोठ्या दारातून आत जाताना ॲप कॉलेज विचारतं, कंपनी विचारतं. हे काही विचारत नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात हे विचारणारा एक माणूस होऊन गेला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करून जोतीराव फुल्यांनी लग्नातून भटजी काढला, एवढंच लोकांना आठवतं. पण त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरी भर मांडवात स्त्रियांच्या हक्कांबद्दल नवऱ्याकडून शपथ मागते. ज्याला खरोखर ‘निवडक’ म्हणावं अशी चाळणी ती होती, आणि तिला एक पैसाही लागत नव्हता.

‘पण माणसं समान पातळीचाच जोडीदार शोधतात, त्यात नवल काय?’ हा पुढचा बिनतोड समजला जाणारा मुद्दा. शोधतात, बरोबर आहे. दोन शिक्षक एकमेकांना आवडतात, दोन डॉक्टर हॉस्पिटलच्या ड्यूटीत जवळ येतात. पण तिथं तिसऱ्या कोणाला येऊ नको म्हटलेलं नसतं. एखादी डॉक्टर औषधाच्या दुकानदाराच्याही प्रेमात पडू शकते, आणि पडतेच. आवड वेगळी आणि कुंपण वेगळं. हा फरक सर्वांत धारदारपणे मांडला तो बाबासाहेब आंबेडकरांनी, १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात. वय होतं पंचवीस. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग, ही त्यांची मांडणी. वर्ग आधी होतेच, त्यात येजाही होती. एका वर्गानं आपल्यातच लग्नं करायचं ठरवून दार लावून घेतलं, आणि मग खालच्यांनी काही जाणूनबुजून, काही नाइलाजानं त्यांचं अनुकरण केलं. काहींनी दार लावलं आणि बाकीच्यांना ते आपल्यावर लावलेलं आढळलं. आज हे वाचताना अंगावर येतं ते अनुकरणाचं कलम. सॅन फ्रान्सिस्कोतलं ॲप, त्यावरून एलिट विवाहसेवा, आणि जळगावच्या मंगल कार्यालयातला ‘फक्त उच्चशिक्षित’चा फलक: एकानं दुसऱ्याकडून शिकलं असो वा नसो, सगळे एकाच जिन्यावर उभे आहेत.

यावर सुशिक्षित तरुणाचं उत्तर तयार असतं: पॅकेज जन्मावर ठरत नाही, उलट आम्ही जात सोडून गुणवत्ता बघतो आहोत, तुम्हाला तर आनंद व्हायला हवा. झाला असता. पण गुणवत्तेची चाळणी लागल्यावर जातीची चाळणी गळून पडते, हे दिसत नाही. देशात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास अडकून आहे, आणि पहिल्या पिढीचा इंजिनीअर मुलगा ज्या उच्चशिक्षितांच्या मेळाव्यात जातो तो त्याच्याच समाजाचा असतो. म्हणजे आधी जातीचं जाळं, मग त्याच्या आत पगाराचं बारीक जाळं. पदवी कष्टानं मिळते हे खरं, पण दोन मोठे पगार एका घरात आणि दोन छोटे पगार दुसऱ्या घरात असं एक पिढी चाललं की पुढच्या पिढीला ती पदवी कितपत कष्टानं मिळेल आणि कितपत वारशानं?

अशा उतरंडीचं पुढे काय होतं, हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. शेजारच्या गुजरातेत चरोतर म्हणून भाग आहे, खेडा-आणंद जिल्ह्यांचा. आमच्याकडचे लेवा पाटीलही आपले पूर्वज गुजरातेतून आल्याचं सांगतात, म्हणून ही गोष्ट परक्याची नाही. तिथल्या पाटीदारांत १९व्या शतकात मोजकी गावं कुलीन मानली जात. त्या गावांत मुलगी पडावी म्हणून खालच्या गावांतले बाप कर्ज काढून हुंडा मोजत. कुलीन घरांना मात्र आपल्या मुली खाली देणं कमीपणाचं वाटे. त्यांच्या मुलींना वर जागा नाही आणि खाली वाट नाही. परिणाम असा की त्या घरांत मुली जन्मताच मारल्या जाऊ लागल्या, आणि उतरंडीच्या तळाशी पुरुषांना उलट पैसे मोजून बायका आणाव्या लागल्या. इंग्रज सरकारला १८७० साली बालिकाहत्येविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे समाजानंच उपाय काढला: सारख्या इभ्रतीच्या गावांनी एकत्र येऊन ‘गोळ’ केले, मुली आपसांतच द्यायच्या ठरवल्या, बाहेर देणाऱ्याला दंड ठेवला. हुंड्याचा जाच कमी व्हावा म्हणून निघालेली ही सुधारणा. पण तिचंही कुंपणच झालं. मेळाव्यांचा प्रवास मला याच वाटेनं जाताना दिसतो.

खान्देशात तळाशी काय चाललंय ते उघड आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. राज्यात तळाकडच्या जिल्ह्यांत आमचं नाव. ती मुलं येत्या काही वर्षांत लग्नाला येतील. मुलगी जन्मूच दिली नाही हे पाप ॲपचं नाही, आमचं आहे. लग्नाविना राहिलेल्या पस्तिशीतल्या शेतकऱ्याचं दुःख सॅन फ्रान्सिस्कोतल्या कंपनीच्या माथी मारण्याइतका मी भाबडा नाही. खान्देशातून अशा ॲपवर जाणाऱ्यांची संख्या तरी अशी किती असणार. पण मुली आधीच कमी, त्यात सगळ्यांची नजर वरच्या दाराकडे लावून दिली, की खालच्या रांगेचं काय होतं? २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. महाराष्ट्र हसला. आमच्याकडे दलालाला पैसे मोजून परमुलखातून आणलेली नवरी आठवड्यात दागिन्यांसकट पसार झाल्याच्या बातम्या येतात, त्यावरही लोक हसतात. चरोतरच्या तळाशी दीडशे वर्षांपूर्वी पैसे मोजून बायको आणणारा पुरुष आणि हा पुरुष यांच्यात मला फरक दिसत नाही. आणि त्या विकत आणलेल्या मुलींचं, ज्या पसार होत नाहीत त्यांचं, काय होतं यावर तर कोणी हसतही नाही, बोलतही नाही.

जाता जाता त्या ‘महत्त्वाकांक्षी’ बिरुदाबद्दल. ही ॲप महत्त्वाकांक्षा मोजतच नाहीत. ती मोजतात पोचलेला माणूस: कुठलं कॉलेज झालं, कुठल्या कंपनीत आहे. बापाच्या दोन एकरांवर ठिबक टाकून रावेरची केळी आखातात पाठवायची उलाढाल करणारा पोरगा. धुळ्यात खोली भाड्यानं घेऊन तिसऱ्यांदा राज्यसेवेची परीक्षा देणारी मुलगी. सुरतेत उधन्याला लूमवर काम करता करता स्वतःचं युनिट टाकायचं म्हणणारा खान्देशी माणूस. यांच्याइतकी ओढ कोणाला असेल? पण त्यांच्या ओढीचा पुरावा लिंक्डइनवर नाही. उलट ज्याचा बाप पुण्यात अधिकारी, ज्याला कोचिंगपासून कॅम्पसपर्यंत सगळं हातात आलं, त्याचा अर्ज मात्र चटकन पास. आपल्या इथून गेलेल्या, पहिल्या पिढीत इंग्रजी शिकलेल्या मुलामुलींनी या दाराची बाजू घेताना एवढं तरी आठवावं की दहा वर्षांपूर्वी, भुसावळहून पुण्याला निघालेल्या गाडीत बसताना, या चाळणीत ते स्वतः बसले नसते.

मग बंदी घालायची? मुळीच नाही. प्रौढ माणसांनी कुठं आणि कसं भेटावं यात सरकार आलं की काय होतं ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातल्या, लग्नाआधी सरकारी कचेरीत जाहीर लावायच्या तीस दिवसांच्या नोटिशीनं पुरेसं दाखवलंय. ती नोटीस वाचून सगळ्यांत आधी धावून येतात ते मुलीचे नातेवाईक. ज्यांना बंद वाड्यात जायचंय त्यांनी जावं. माझं भांडण आमच्या मेळाव्यांशी आहे, कारण ते आमच्या हातात आहेत. उच्चशिक्षितांची वेगळी पुस्तिका बंद करा. पॅकेजचा रकाना काढा. ज्याला विचारायचं तो तोंडानं विचारेल. त्या जागी ओळखपत्राची, वयाची, आधीच्या लग्नाची तपासणी सगळ्यांची सारखी करा. मुलीला विचारता तो नोकरीचा प्रश्न मुलाच्या अर्जावरही छापा.

आणि छाननी समिती बदला. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्लीतल्या संशोधकांनी २०१७ साली आंतरजातीय लग्नांचा अभ्यास मांडला होता. मुलामुलीच्या स्वतःच्या शिक्षणानं अशा लग्नाची शक्यता वाढताना त्यांना दिसली नाही. वाढत होती ती मुलाच्या आईच्या शिक्षणानं. म्हणजे दाराची कडी कोणाच्या हातात असते, हे आकड्यांतही उमटलं. आज जळगाव-धुळ्यात मुलांसाठी स्थळं बघणाऱ्या बायकांत तालुक्याच्या कॉलेजातून शिकून निघालेल्या पहिल्या मुली आहेत. मेळाव्यात त्या मागच्या खुर्च्यांवर पुस्तिका चाळत बसलेल्या असतात. व्यासपीठावर आणि समितीत फेटे बांधलेले पुरुष. पुढच्या हंगामात अर्ज छाननीचं काम या बायकांकडे सोपवावं, असा ठराव माझ्या समाजाच्या सभेत मी मांडणार आहे. विरोध कोण करणार, ते आताच दिसतंय.